एकास बेचाळीस : बॉक्सिंगमधला भाव वाचायचा कसा?

मोठी लढत असली की आदल्या रात्री पुतण्याचा फोन ठरलेला. ‘काका, उद्या कोण?’ मग मी अर्धा तास बोलतो. कुणाचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) लांब आहे, कुणाचे पाय सातव्या राउंडनंतर जड होतात, कुणी नुकताच कोच बदललाय. तो हं हं करत ऐकतो आणि शेवटी विचारतो, ‘ते सगळं ठीक आहे हो, पण भाव काय चाललाय?’

पूर्वी मी चिडायचो. तीस वर्षं ज्या खेळावर लिहिलं, त्याचा अर्क याला एका आकड्यात हवा! आता चिडत नाही, कारण प्रश्न चांगला आहे. भाव म्हणजे कुणावर पैज लावली तर किती मिळतील, याचा बुकीने, म्हणजे पैजा घेणाऱ्याने, काढलेला आकडा. घोटाळा इतकाच की त्याला भाव म्हणजे आतल्या गोटातली बातमी वाटते. भाव लावणाऱ्यांना निकाल आधीच ठाऊक असतो आणि आपल्याला फक्त तो आकडा वाचता यायला हवा, अशी त्याची समजूत आहे. बऱ्याच वाचकांचीही आहे. म्हणून हा लेख.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कोण सांगतोय ते कळेल. मी बॉक्सिंगच्या नादी लागलो तो पुण्यात, कॅम्पातल्या एका हॉलमध्ये. पत्र्याचं छप्पर, घामाने ओल्या ग्लोव्हजचा आंबूस वास, रिंगभोवती लोखंडी खुर्च्या. शाळकरी मुलांच्या लढती होत्या. एक किडकिडीत पोरगा तीन राउंड मार खाऊन खाली उतरला. कोच टॉवेलने त्याचं तोंड पुसत होते आणि तो विचारत होता, ‘सर, अजून किती राउंड आहेत?’ लढत संपून दोन मिनिटं झाली होती. मला तेव्हा हसू आलं. त्या प्रश्नाचा अर्थ डोक्याला बसलेल्या माराशी जोडायला मला काही वर्षं लागली. हा खेळ मला अजून आवडतो आणि ते पोरही अजून आठवतं. या दोन गोष्टींचा मेळ मला कधी घालता आलेला नाही.

आता भावाकडे येऊ. सुरुवात टोकियोपासूनच करायला हवी.

11 फेब्रुवारी 1990, टोकियो डोम. माइक टायसन 23 वर्षांचा, हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता. 37 लढती, 37 विजय, त्यातले 33 नॉकआउटने. समोर ओहायोचा जेम्स ‘बस्टर’ डग्लस. लास वेगासच्या बहुतेक कॅसिनोंनी या लढतीत कोण जिंकेल यावर भावच काढला नाही. निकाल ठरल्यासारखाच होता, मग धंदा कशावर करायचा? भाव काढला तो तिथे नव्यानेच उघडलेल्या ‘मिराज’ने. त्यांच्या जिमी व्हॅकारोने डग्लसला सुरुवातीला एकास सत्तावीस दिले. तरीही लोक टायसनवरच पैसे ओतत राहिले आणि आकडा चढत चढत एकास बेचाळीसवर जाऊन थांबला.

एकास बेचाळीस म्हणजे डग्लसवर 100 लावले आणि तो जिंकला, तर 4,200 नफा आणि आपले 100 परत. याची टक्केवारी काढणं सोपं आहे. बेचाळीसमध्ये एक मिळवा, 43 झाले. 100 ला 43 ने भागा. उत्तर 2.3 टक्के. म्हणजे या भावानुसार डग्लसची जिंकण्याची शक्यता शंभरात सव्वादोन.

पण खरंच तितकी होती का? मिराज नवं कोरं होतं आणि त्याला नाव हवं होतं. जो भाव दुसरा कुणी देत नाही तो आपण दिला की वर्तमानपत्रात आपलं नाव येतं. त्यामुळे बेचाळीसमध्ये थोडी जाहिरात होती. त्यात भर पडली टायसनच्या बाजूच्या पैशाची, आणि तो पैसा डग्लसचा अभ्यास करून आलेला नव्हता, टायसनच्या नावावर आलेला होता. डग्लसविषयी शांत डोक्याने केलेला विचार त्या आकड्यात फारच थोडा होता.

विचार करायला मालमसाला मात्र भरपूर होता, आणि तोही उघड्यावर. डग्लसच्या हातांची पोच टायसनपेक्षा बारा इंचांनी जास्त. टायसनने ज्याच्या हाताखाली आपलं तंत्र घोटलं, त्या केव्हिन रूनीला त्याने 1988 मध्येच काढून टाकलं होतं. टोकियोत सरावाच्या वेळी ग्रेग पेजने टायसनला खाली पाडलं, तेही छापून आलं होतं. आणि लढतीच्या तेवीस दिवस आधी डग्लसची आई वारली. ही बातमी वाचून कुणालाही वाटेल, संपलं, आता हा काय लढणार. तो त्या रात्री जसा लढला तसा आधी कधी लढला नव्हता आणि नंतरही नाही. याची टक्केवारी कुठला बुकी काढणार?

जॅबमागून जॅब खाऊन टायसनचा डावा डोळा बंद होत आला. सूज दाबायला लागणारं थंड धातूचं साधन त्याच्या कोपऱ्यात नव्हतंच. त्याच्या माणसांनी रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून ते डोळ्याला लावलं. जगज्जेत्याच्या कोपऱ्यात ही तयारी! आठव्या राउंडच्या शेवटी टायसनच्या अपरकटने (खालून वर येणाऱ्या ठोशाने) डग्लस आडवा झाला, पण उठला. दहाव्यात डग्लसचा अपरकट बसला, पाठोपाठ ठोसे बसत गेले आणि टायसन व्यावसायिक लढतीत पहिल्यांदा खाली गेला. मग ते दृश्य : जगातला सगळ्यात धोकादायक माणूस गुडघ्यांवर आणि हातांवर, जमिनीवर आपला माउथगार्ड चाचपडतोय. सापडतो, तो तोंडात उलटासुलटा कोंबतो, एक टोक बाहेर लोंबतंय, आणि तसाच उठायला बघतो. रेफरीने त्याला मिठीत घेतलं आणि लढत थांबवली.

यातली मला सगळ्यात बोलकी वाटते ती गोष्ट त्यानंतर कळली. नऊ राउंडनंतर तीन जजच्या कागदांवर काय होतं? एकाच्या मते डग्लस 88-82 ने पुढे. दुसऱ्याच्या मते बरोबरी, 86-86. आणि तिसऱ्याच्या मते 87-86 ने चक्क टायसन पुढे. डोळा बंद, पाय लटपटताहेत, तरी पुढे! हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

भाव मांडण्याच्या पद्धती देशागणिक वेगळ्या. इंग्लंडमध्ये अपूर्णांक, अमेरिकेत अधिक-उणे, बाकी बऱ्याच ठिकाणी दशांश. दशांश आपल्याला सगळ्यात सोपा. 2.70 म्हणजे 100 लावले तर मूळ रकमेसकट 270 हातात. टक्केवारीसाठी 100 ला 2.70 ने भागायचं, 37 टक्के येतात. बस्स, एवढंच गणित आहे.

गंमत पुढे आहे. समजा एका लढतीत ‘अ’चा भाव 1.50 आणि ‘ब’चा 2.70. ‘अ’ची शक्यता आली 66.7 टक्के, ‘ब’ची 37. बेरीज करा. 103.7. शंभरातून एकशे तीन कसे निघाले? वरचे पावणेचार हे बुकीचं मीठ. बाजार समितीतला अडत्या जसा कांदा चढो वा पडो आपली अडत कापून घेतो, तसंच. दोन्ही बाजूंना योग्य प्रमाणात पैसा आला की कोण जिंकतं याच्याशी बुकीला देणंघेणं उरत नाही. एका बाजूला फार पैसा आला की तो भाव हलवतो, म्हणजे दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक यावं. प्रत्यक्षात तो तोल पूर्ण साधत नाही आणि कधी कधी बुकीही मार खातो, पण भाव हलण्यामागचा एक मोठा धक्का हाच. ‘भाव बदलला, म्हणजे काहीतरी आतलं कळलंय’ असं म्हणणारे ही साधी गोष्ट विसरतात.

याचं ठळक उदाहरण म्हणजे 26 ऑगस्ट 2017 ची मेवेदर-मॅकग्रेगर लढत. फ्लॉइड मेवेदर 49 लढती, 49 विजय. कॉनर मॅकग्रेगर मिश्र मार्शल आर्ट्सचा सितारा, पण व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या त्याच्या लढती शून्य. सुरुवातीला मॅकग्रेगरचा भाव एकास नऊ-दहाच्या घरात होता. लढत जवळ आली तसा तो निम्म्यावर उतरला. मॅकग्रेगर मधल्या काळात बॉक्सिंग शिकला म्हणून? छे. त्याच्या हजारो चाहत्यांनी हौसेने छोट्या छोट्या रकमा लावल्या म्हणून. पावत्यांची संख्या मॅकग्रेगरच्या बाजूने, आणि मोजक्या लोकांच्या गलेलठ्ठ रकमा मेवेदरच्या बाजूने. दहाव्या राउंडमध्ये रेफरीने लढत थांबवली आणि मेवेदरचे पन्नास पुरे झाले. तो उतरलेला भाव प्रेमाचा होता, माहितीचा नव्हता.

आता त्या तीन कागदांकडे. आपल्याकडे कुस्ती चितपट झाली की पाठ टेकलेली अख्ख्या मैदानाला दिसते, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही. बॉक्सिंगमध्ये नॉकआउट झाला तर असंच. नाही झाला, तर निकाल रिंगच्या तीन बाजूंना बसलेल्या तीन माणसांच्या हातात जातो. (मराठीत निवाडा करणाराही पंच आणि ठोसाही पंच. या खेळात दोन्ही सारखेच लागतात.) प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9, खाली पडला तर साधारण 8. बारा राउंडमध्ये सात-पाच असा कौल असेल तर बेरीज 115-113 होते, दहा-दोन असेल तर 118-110. म्हणून 118-110 ऐकलं की समजायचं, एकतर्फी झाली.

16 सप्टेंबर 2017, लास वेगास. साउल ‘कनेलो’ अल्वारेझ विरुद्ध गेनाडी गोलोव्हकिन. बारा राउंड, कुणी पडलं नाही. बहुतेक पत्रकारांच्या मते गोलोव्हकिन थोडा पुढे होता, माझ्या वहीतही. जज डेव्ह मोरेटी यांचं कार्ड, म्हणजे गुणांचा कागद, गोलोव्हकिनच्या बाजूने 115-113. डॉन ट्रेला यांचं 114-114. आणि अ‍ॅडलेड बर्ड यांचं अल्वारेझच्या बाजूने 118-110! म्हणजे बर्ड यांच्या मते गोलोव्हकिनने बारापैकी दोनच राउंड जिंकले. लढत बरोबरीत सुटली. सगळा गदारोळ बर्ड यांच्या नावाने झाला, पण खरी मेख ट्रेला यांच्या कागदावर होती. त्यांनी सातवा राउंड अल्वारेझला दिला. बर्ड यांनी गोलोव्हकिनला जे दोन राउंड दिले, त्यातला एक हाच सातवा. ट्रेला यांनी तेवढा एक राउंड गोलोव्हकिनच्या पदरात टाकला असता, तर त्यांचं कार्ड 115-113 झालं असतं आणि गोलोव्हकिन जिंकला असता.

तीन मिनिटांचा एक राउंड, एका माणसाची नजर. आणि ज्यांनी या दोघांपैकी एकाच्या विजयावर पैसे लावले होते, त्यांचं काय? बरोबरीचा भाव वेगळा काढलेला असेल तर दोन्हीकडचे पैसे बुडतात. नसेल तर परत मिळतात. कुठला नियम लागू आहे हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात असतं आणि ते वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

भावात न मावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे जोड कोण लावतो. टेनिसमध्ये ड्रॉ निघतो, क्रिकेटमध्ये वेळापत्रक असतं. बॉक्सिंगमध्ये प्रमोटर, म्हणजे लढत भरवणारा, ठरवतो कोण कुणाशी लढणार, आणि ज्याच्या नावावर तिकिटं खपतात त्याने हरणं त्याला परवडत नाही. मग ‘अपराजित, 15-0’ असा जो विक्रम दिसतो, त्यातले किती खरे मल्ल आणि किती बळीचे बकरे, हे लिहिणाऱ्याने शोधायचं असतं.

बकरा हा शब्द मी वापरला खरा, पण त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीने 300 व्यावसायिक लढती खेळल्या आणि 256 हरल्या. आठवड्याच्या नोटिशीवर, कधी त्याहून कमी वेळात, समोरच्याच्या गावात जायचं, त्याच्या चाहत्यांसमोर उभं राहायचं, मार चुकवत राउंड पूर्ण करायचे, पोराला शिकवायचं आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी. नसीम हमीदसारखे पुढे जगज्जेते झालेले त्याच्याशी लढून गेले. 2008 मध्ये आपल्याच गावात तो तीनशेवी आणि शेवटची लढत खेळला. त्याआधी पाच वर्षांत त्याला एकही विजय मिळाला नव्हता. ती लढत तो जिंकला.

ऐनवेळी बोलावलेला पाहुणा दरवेळी नमतं घेतोच असं नाही. 1 जून 2019 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हेवीवेट जगज्जेत्या अँथनी जोशुआसमोर जॅरेल मिलर उभा राहायचा होता. तो उत्तेजक चाचणीत अडकला. मग बोलावलं अँडी रुइझला : पोट सुटलेला, गोलमटोल, भाव एकास दहाच्या पुढे. फोटो बघून लोक हसले. पण सहाच आठवड्यांपूर्वी रुइझ एक लढत जिंकला होता, म्हणजे तो तयारीत होता, आणि त्याचे हात या वजनाच्या मानाने विलक्षण चपळ आहेत हे जाणकारांना माहीत होतं. तिसऱ्या राउंडमध्ये आधी जोशुआने त्याला पाडलं, मग त्याने जोशुआला दोनदा. सातव्यात आणखी दोनदा, आणि लढत संपली. भाव पोटाकडे बघून लागला होता.

पैज आणि बॉक्सिंग यांच्या नात्याची काळी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. राजकारणात आपण ‘नुरा कुस्ती’ म्हणतो ना, आधीच ठरवून केलेली, तिचं बॉक्सिंगमधलं नामांकित उदाहरण 14 नोव्हेंबर 1947 चं. जेक लामोटा, जो कुणापुढे गुडघा टेकत नसे, बिली फॉक्सकडून चौथ्या राउंडमध्ये हरला, उभ्या उभ्या मार खाऊन. लढतीआधीच भाव अचानक फॉक्सकडे झुकला होता आणि कुजबुज सुरू झाली होती. पुढे 1960 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर लामोटाने स्वतः कबूल केलं की लढत सोडली, जगज्जेतेपदाची संधी मिळावी म्हणून. ती त्याला 1949 मध्ये मिळाली आणि किताबही त्याने जिंकला. तेव्हाच्या अमेरिकेत फ्रँकी कार्बोसारखे गुंड कोण कुणाशी लढणार हे ठरवत. बदललेल्या भावामागे चाहत्यांची हौस असू शकते, दुखापत असू शकते, आणि हेही असू शकतं. आकडा तिन्ही वेळा सारखाच दिसतो.

म्हणून मी भावाबद्दल लिहितो ते असं. भाव कोणत्या दिवशीचा आहे ते सांगतो, कारण सोमवारचा आणि शनिवारचा भाव या दोन वेगळ्या बातम्या. त्याची टक्केवारी करून देतो, कारण ‘एकास तीन’ ऐकून माणूस लालचावतो आणि ‘चारातून तीनदा बुडेल’ ऐकून जरा थांबतो. बुकीचं मीठ किती तेही लिहितो. ‘हमखास’, ‘डोळे झाकून’ हे शब्द माझ्या मजकुरात येत नाहीत. एकदा एका उपसंपादकाने मथळ्यात ‘पक्की टिप’ टाकलं होतं, त्यावरून आमचं जोरदार भांडण झालं. ज्या लढतीवर लिहायचं तिच्यावर पैसे लावायचे नाहीत, ही शपथ आहेच. पैसे लागले की सातवा राउंड आपल्याला हवा तसा दिसू लागतो, हे मला ट्रेला यांच्याशिवायही कळतं.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण पुतण्याचे मित्र मोबाइलवरची अ‍ॅप दाखवत फिरतात. भारतात 2025 मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं. त्याआधी 2022 मध्येच माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना बजावलं होतं की सट्ट्याच्या कंपन्या बातम्यांच्या साइटचा मुखवटा घालून येताहेत, त्यांच्या जाहिराती घेऊ नका. महालक्ष्मीच्या घोड्यांची गोष्ट निराळी, रेसकोर्सवरच्या पैजेला आपल्या राज्याच्या जुन्या जुगारबंदी कायद्यातच सूट आहे. बॉक्सिंगला ती नाही. तेव्हा वेगासचा भाव मी पावसाच्या अंदाजासारखा देतो. वाचा, छत्री घ्यायची का ते ठरवा. पावसावर पैसे लावू नका.

पुतण्याला मी शेवटी एक काम दिलं. एक वही कर. लढतीच्या आठवडाभर आधी, भाव न बघता, दोघांची तुझ्या मते किती टक्के शक्यता ते लिही, आणि का तेही एका ओळीत. मग भाव काढून त्याची टक्केवारी शेजारी मांड. लढत झाली की निकाल लिही. फोन करायचा तर त्यानंतर.

सहा महिने त्याचा फोन आला नाही. परवा वहीच्या पानाचा फोटो आला. अकरा लढती, तीन रकाने, अक्षर अजून शाळेतलंच. ‘का’च्या रकान्यात पहिल्या चार लढतींना ‘फेमस आहे’ असं लिहिलं होतं, पाचवीपासून ‘डावखुरा, याला जमत नाही’, ‘वजन उतरवताना हाल’ असं काहीबाही. आणि तळाशी पेन्सिलीने : ‘काका, भाव माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर निघाला. तुमच्या वहीचा फोटो पाठवा ना.’

मी अजून पाठवलेला नाही.